इथलं पाणी खोटं हाय

सुकती लागली की आई खाडीत उतरायची. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. करंजा बंदराच्या अलीकडे आमचं गाव. पाणी मागे सरलं की काळा चिखल उघडा पडायचा, चिखलात दगड आणि दगडांना चिकटलेली कालवं, म्हणजे खायचे शिंपले. आई कोयतीने ती काढायची, पाटीत भरायची आणि टेंपोत बसून पनवेलच्या बाजारात नेऊन विकायची. बाबा आजारपणात गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांची होडी त्याआधीच विकून झाली होती. त्यानंतर आमचं घर कालवांवर चाललं, आणि विकून उरली तरच ती आमच्या ताटात यायची. शिंपांच्या धारेने आईच्या तळव्यांना चिरा पडलेल्या असायच्या. त्यात ती गरम खोबरेल सोडायची आणि तोंडातून आवाज काढायची नाही.

माझं काम बांधावर बसायचं. वही मांडीवर, डोळा पाण्यावर. पाणी परत फिरलं की ओरडायचं, "आये, पाणी फिरलं!" चिखलात वाकलेल्या माणसाला मागून येणारी भरती कळत नाही. गावातली एक काकू अशीच कमरेपर्यंत रुतून बसली होती. पुरुष फळ्या टाकत टाकत तिच्यापर्यंत गेले तेव्हा ती सुटली. ती सुटली, पण माझ्या पोटात बसलेली भीती काही सुटली नाही. मी पाढे पाठ करायचे आणि प्रत्येक पाढा संपला की मान वर करून आईचा पदर कुठे दिसतो ते बघायचे.

आईचा नियम एकच होता. "तळ दिसतो तिथंच पाय टाकायचा. नाय दिसत, तिथं नाय." आमच्या खाडीचं पाणी चहासारखं. त्यात तळ दिसला म्हणजे पाणी फार तर घोट्याएवढं. या एका नियमावर तिने सगळं आयुष्य काढलं. पोहणं तिला येत नव्हतं आणि मलाही तिने पाण्यात उतरू दिलं नाही. "तू वर बस आणि शीक," म्हणायची.

मी शिकले. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली मी. हे सांगताना माझा आवाज चढतो, तर चढू दे. नवीन पनवेलला बँकेत नोकरी लागली, घर झालं, आणि आईची पाटी मी माळ्यावर टाकली. मग एकदा तिला विचारलं, "तुला कुठे फिरायला नेऊ?" मला वाटलं, एखाद्या देवाचं नाव घेईल. ती म्हणाली, "चिखल नाय असा समुद्र असतो का गो? तो बघायचाय."

म्हणून आम्ही अंदमानला गेलो. जायच्या आधी मी कॉलनीतल्या तलावावर पोहायचा क्लास लावला. माझ्या बाजूला सगळी पहिली-दुसरीतली पोरं. "आंटी, नाकात पाणी गेलं?" म्हणून चौकशी करायची. शिकले कशीबशी. आई पाण्याजवळ जाणार आणि मला पोहता येत नाही, हे मला झोपू देत नव्हतं.

बेटांची सहल होती त्या सकाळी आई खूश आणि मी मात्र धास्तावलेली. तिच्यासाठी मी लेगिंग आणि लांब टी-शर्ट घेतला होता. तो घालून ती आरशासमोर उभी राहिली.

"जल्लं ते! गावातल्या बायांनी बघितलं तर मना वाळीत टाकतील."

"इथे कोण बघतंय?"

"मी बघतंय ना," ती म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

पहिल्या बेटावर ती वाळू मुठीत घेऊन बसली. ओल्या वाळूतही पाय रुतत नाही, याचंच तिला नवल. दुसऱ्या बेटावर हरणं होती. पण तिचं लक्ष किनाऱ्यावरच्या दगडांकडे, कालवं आहेत का म्हणून. मी तिच्या मागे मागे. शेवाळावरून घसरेल, ऊन लागेल, नाव हलली की पडेल. शेवटी ती वैतागली. "तू काय माझी सासू हाईस? जरा दमानं घे."

तिसरा थांबा भर पाण्यात होता. नाव प्रवाळांवर उभी केली. गाइडने सगळ्यांना लाइफ जॅकेट, तोंडाला लावायचा काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी दिली. "माताजी, जॅकेट मत खोलना," त्याने आईला दोनदा बजावलं. मग तो नावेच्या दुसऱ्या बाजूला एका जोडप्याला पाण्यात उतरवायला गेला. मी खाली वाकून तोंडावरच्या मुखवट्याचा पट्टा ओढत होते.

आईने नावेच्या कडेवरून पाण्यात डोकावून पाहिलं. खाली पांढरी वाळू, जांभळे दगड, पिवळ्या माशांचा थवा, सगळं हात लावावा इतकं जवळ.

"एवढ्याशा पाण्याला हे कशाला? गळ्याला काचतंय," हे तिचं बोलणं मी ऐकलं. त्याचा अर्थ लागायच्या आत जॅकेटचं बक्कल उघडल्याचा आवाज आला. मी मान वर केली तर ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर. खाडीत उतरते तसा तिने पाय टाकला. तळ दिसत होता ना.

पाय टेकलाच नाही. ती सरळ खाली गेली.

मी "आये!" ओरडले की नाही आठवत नाही. उडी मारली एवढं खरं. जॅकेटमुळे मी वरच तरंगले आणि तोंड पाण्यात घातलं. समोर आई. सगळी दिसत होती. सुटलेला अंबाडा, काचेच्या बांगड्या, वर आलेले दोन्ही हात. बांधावर बसून मी इतकी वर्षं ज्याची भीती धरली होती, ते डोळ्यासमोर चाललं होतं आणि तेही मुखवट्याच्या काचेतून, स्वच्छ. खाडीत ती मला सापडली नसती. इथे मी हात खाली घातला आणि तिचं मनगट धरलं. दोन बांगड्या फुटल्या. ओढलं. तोवर गाइड पोहत आला, त्याने रबराची ट्यूब दिली आणि आईने ती कवेत घेतली.

नावेत बसवल्यावर ती खोकत राहिली. नाकातोंडातून पाणी. मी टॉवेलने तिचं तोंड पुसत राहिले. श्वास ठिकाणावर आल्यावर तिने पाण्याकडे बोट दाखवलं आणि रागाने म्हणाली, "इथलं पाणी खोटं हाय!"

नावेतले सगळे हसले. मला रडू आलं.

"बस झालं. आपण परत जाऊ," मी म्हणाले.

ती पाण्याकडे बघत राहिली, बाजारात एखाद्या लबाड गिऱ्हाइकाकडे बघायची तशी. मग जॅकेट उचलून माझ्या पुढ्यात टाकलं.

"हे नीट बांध."

"आये, नको. माझ्याने बघवणार नाही."

"मग बघू नको. बरोबर ये. तिथं बांधावर बसायचीस, इथं बांध नाय."

मी बक्कल लावलं, ओढून बघितलं, परत ओढून बघितलं. गाइडने ट्यूब धरली. आई शिडीवरून उतरली, या वेळी तळाकडे न बघता, माझ्या हाताकडे बघत. पाण्यात आल्यावर तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. नळीतून श्वास घ्यायला तिला जमेना. दोनदा खारं पाणी गिळलं आणि समुद्राला शिवी दिली. मी मनात म्हणत होते, आता पुरे म्हण, आता पुरे म्हण. तिने म्हटलं नाही. तिसऱ्या वेळी तोंड पाण्यात घातलं आणि ते वर येईना. मी घाबरून तिचा खांदा हलवला.

तिने डोकं वर काढलं, नळी थुंकून टाकली. "मारतंस का मना! खाली बघ. केवढं कालव हाय ते!"

खाली प्रवाळात मोठ्ठा शिंपला होता, परातीएवढा, निळ्या ओठांचा, उघडा.

"याला कोयती नाय पुरायची," ती म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच." आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

नाव परत धक्क्याला लागेपर्यंत मी तिच्या जॅकेटचं बक्कल धरून होते. पण झालं ते खरं. साठी उलटलेली माझी आई भर पाण्यात उतरली, आणि सुकतीची वाट न बघता तिने समुद्राचा तळ पाहिला.