आत्याबाईंच्या पानात आज आंबील वाढली

माझ्या सासूबाई लठ्ठ होत्या.

हो, लठ्ठ. मीच लिहून टाकते, म्हणजे कोणाला कुजबुजायला नको.

आणि त्या खादाड नव्हत्या. हेही लिहून टाकते. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल अनफ्रेंड करा.

आज आत्याबाईंचं वर्षश्राद्ध. (सासूला आमी आत्याबाई म्हणतो.) घर पाहुण्यांनी भरलंय आणि सकाळपासून एकच वाक्य मी तीनदा ऐकलं, "खायची लय आवड होती बाईले."

डोकं फिरलं. म्हणून ही पोस्ट.

नव्वदच्या आसपास मी लग्न होऊन तेलुगू मुलखातल्या, नेरडीगोंड्याजवळच्या या मराठी गावात आले. इंटर म्हणजे बारावी पास, तेलुगू फाडफाड बोलणारी नवी सून. स्वतःला लय शहाणी समजायची मी.

आत्याबाई दिवसभर कापसात राबायच्या. सोबत काय, तर एक भाकर, अंबाडीची भाजी आणि गाडगंभर आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली, पातळ, आंबट.

तरी अंग सुटलेलं. पुढं शुगर निघाली.

डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, "अम्मा, खाना कम करो."

त्या दिवसापासून भाकर अर्धी झाली. वजन होतं तिथंच.

"आता काय हवा खाऊ?" आत्याबाई म्हणायच्या. आणि बोअरिंगवर पाणी भरताना बाया हसायच्या, "चोरून खात असन."

हसून घ्यायच्या आत्याबाईही. पण अशा दिवशी रात्री जेवायच्या नाहीत, हे मी पाहिलंय.

मग बऱ्याच वर्षांनी हैदराबादहून एक टीम आली. खाणं, वजन, शुगर यांवर रिसर्च. तीन दिवस घरोघरी फिरून ताटातलं अन्न काट्यावर तोलायचं आणि लिहायचं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाकडून संडासची एक छोटी डबी.

त्यांच्या मॅडम तेलुगूत बोलायच्या, मी मराठीत सांगायची. "सारखंच खाऊन एकीचं वजन वाढतं, दुसरीचं नाही. असं का? पोटातल्या जंतूंचा काही संबंध आहे का, तेही पाहायचंय."

आत्याबाईंनी हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"म्हंजे माह्या तोंडाचाच दोष नसन?"

"तेच शोधून राह्यले ते, आत्याबाई."

त्यांचा चेहरा असा उजळला होता ना!

आणि दुसऱ्या दिवशी, तोलायच्या पहिल्याच दिवशी, मी माती केली.

अहो, हैदराबादचे पाहुणे येणार होते घरी! आंबील कोणी पुढं करतं का पाहुण्यांच्या? रेशनचा तांदूळ स्वस्त झाल्यापासून भात म्हणजे मोठेपणा आणि ज्वारी म्हणजे गरिबी, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. सगळ्या गल्लीत त्या दिवशी तळणाचा वास. आंबिलीची गाडगी गोठ्यात लपवलेली.

मीपण केलं. भात, वरण, पुऱ्या, तुपातला शिरा.

मॅडमनी सगळं तोललं आणि विचारलं, "आत्याबाई रोज एवढं खातात?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "रोज!"

दुपारी आत्याबाई शेतातून आल्या. काटा पाहिला, शिरा पाहिला.

"काऊन वं, काय सांगितलं तू तिले?"

मी सांगितलं.

त्या मटकन खाली बसल्या. "आजलोक लोकाच्या तोंडी खादाड होती. आता कागदावर बी झाली."

असं रडू आलं मला! पण आत्याबाई रडल्या नाहीत. उठल्या, गोठ्यात गेल्या, आंबिलीचं गाडगं आणून धाडकन काट्यावर ठेवलं.

"सांग तिले. हे लिव्ह म्हणा. ते शिऱ्याचं पान फाड."

एवढ्यावर थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या! दुसऱ्या दिवशी मॅडमना सरळ वावरात घेऊन गेल्या. जेवायच्या वेळेला, न सांगता. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या बायांची भाकरीची फडकी सोडायला लावली. सगळ्यांची ज्वारी, सगळ्यांची आंबील.

बाया भडकल्या. "आमची इज्जत काढून राह्यली तू!"

"शिऱ्यानं इज्जत येते काय वं? खोटं लिवलं त उद्या तुमाले बी खादाडच म्हणतीन."

मॅडमनी जुनी पानं आमच्यासमोर खोडली आणि माफी मागितली. चूक माझी होती, माफी त्यांनी मागितली. अजून लाज वाटते.

शेवटच्या दिवशी डबी द्यायला कोणी येईना. पुरुष तर दिसेनातच. आत्याबाई भर रस्त्यानं चालत आल्या, डबी पदराखालीसुद्धा न घेता.

"घ्या मॅडम. ह्याच्यात तरी शिरा नाही."

मॅडम हसून हसून बेजार. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं डब्या दिल्या!

रिपोर्ट कधी आला नाही.

आत्याबाई वर्षानुवर्षं विचारायच्या, "आला का वं माह्या डबीचा निकाल?"

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं, ती मायक्रोबायोलॉजी शिकते, आजीला बसवून सांगितलं, "आजी, जेवण, पोटातले जंतू, वजन, शुगर, सगळं एकमेकात गुंतलेलं आहे म्हणतात. अजून पुष्कळ कळायचंय. पण नुसतं 'कमी खा' म्हणून भागत नाही."

"हे मले पुसलं असतं त मी तवाच सांगितलं असतं," आजी म्हणाली. मग बराच वेळ नातीचा हात धरून बसली.

आज नणंद म्हणाली, "वहिनी, आईच्या पानात पुऱ्या, शिरा वाढा. लोक पाह्यतात."

पाहू देत ना!

आत्याबाई, तवा पाहुण्यांसमोर मी तुमचं ताट खोटं मांडलं होतं. आज पाहुणे घरभर आहेत, आणि तुमच्या पानात अर्धी भाकर आणि आंबील आहे. आधी तुमच्या फोटोपुढं ठेवली, मग सगळ्यांना वाटीवाटी दिली. काय आहे ते सांगून.

या, जेवून घ्या.

तुमच्या सुनेचा डोकं टेकवून नमस्कार.