नदीत पुढे कोण चालणार

बाबांच्या हातून गाडीची किल्ली काढून घ्यायचं काम थोरल्या भावाने माझ्या गळ्यात घातलं आणि स्वतः रेक्याविकला आरामात बसला. म्हणे, "इंगुन, तुझं ते ऐकतात." ऐकतात! चौऱ्याहत्तर वर्षांत बाबांनी फक्त हवामानाच्या बातम्या ऐकल्या, आणि त्याही साफ चुकीच्या आहेत असं म्हणत.

बाबांचं नाव बर्गुर. चाळीस वर्षं त्यांनी उंच चाकांची बस काळ्या वाळूतून आणि लाव्हाच्या पठारांवरून उत्तरेला नेली-आणली. जुलैत सुट्टी मिळाली की माणूस चार दिवस घरी बसेल की नाही? छे. आई, आम्ही दोघं भावंडं, तंबू, सुके मासे, लोणी असं सगळं जीपमध्ये कोंबायचं आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागायचं. आई जाऊन दोन वर्षं झाली. यंदा "मी जाणारच" म्हणाले, म्हणून मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला, कोल्फिन्नाला, घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. कुठल्यातरी मुक्कामाला शांतपणे विषय काढायचा, असा माझा बेत होता.

शांतपणे कसलं डोंबल! पहिल्याच मुक्कामाला वारा सुटला आणि हेक्ला ज्वालामुखीची जुनी राख तंबूत, अंथरुणात, दह्यात, सगळीकडे. घास चावला की करकर. बाबा म्हणाले, राख पोटाला चांगली असते. दुसऱ्या दिवशी दर दहा मिनिटांनी गाडी थांबवून हा लाव्हा कधीचा, तो कुणाच्या कुरणावरून गेला, याची उजळणी. कोल्फिन्नाचा पाय चुकून लाव्हावरच्या, वाढायला शंभर वर्षं घेणाऱ्या शेवाळावर पडला तर तिला असं काही झापलं, की जणू तिने कुणाचं घर पाडलं होतं. आणि मी किल्लीचा विषय काढला, की यांना नेमकी टायरमधली हवा बघायची असायची. मी अगदी मेटाकुटीला आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या माळावर त्यांनी गाडी थांबवली आणि हॉर्न वाजवत बसले. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, मेंढ्या आडव्या आल्यात, हलायला तयार नाहीत. समोर रस्त्याच्या कडेला लाव्हाचे चार दगड पडले होते. कोल्फिन्ना हसून हसून लोळली. नजर कमी झालीय हे आम्हाला ठाऊक होतं. इतकी, हे नव्हतं. पोरगी मागे बसलेली, आणि हा माणूस तीन दिवस नुसत्या सवयीवर गाडी हाकत होता!

"बाबा, किल्ली द्या. आत्ताच्या आत्ता."

"नदी ओलांडली की बघू," ते म्हणाले आणि गाडी पुढे काढलीही.

नदी जवळच होती. तिथे पूल नाही. हिमनदीचं ते गढूळ पाणी आज इथे उथळ, तर उद्या तिथे. म्हणून आधी एकाने काठी घेऊन पाण्यात उतरायचं आणि त्याच्यामागून गाडी घालायची. आमच्या घरात हे काम आईचं, म्हणजे स्वानबोर्गचं. लाल स्वेटर घालून ती पुढे चालायची आणि बाबा तिच्यामागून गाडी न्यायचे. आता त्यांनी काठी माझ्यासमोर धरली. "चल, उतर."

"मी नाही उतरणार," मी म्हटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "मी तुम्हाला दिसणार नाही, बाबा. तुम्ही माझ्याच अंगावर गाडी घालाल. आणि मागे ही पोर बसलीय."

कोल्फिन्नाचं हसू कधीच थांबलं होतं. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले.

"स्वानबोर्ग दिसायची," ते म्हणाले. "पाणी केव्हाच दिसेनासं झालं होतं. लाल तेवढं दिसायचं. तिला माहीत होतं."

मला असा संताप आला! म्हणजे आईसुद्धा सामील. दोघांनी मिळून आम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं बनवलं, आणि ती वेडी बाई त्या बर्फाच्या पाण्यात गाडीपुढे चालत राहिली. मला भांडायचं होतं, पण भांडणार कुणाशी?

बाबांनी इंजिन बंद केलं नाही. दार उघडून उतरले, काठी घेतली. "पाणी मला पायांनी कळतं. मी पुढे होतो. तू चालव."

मी नको नको म्हणेपर्यंत ते गुडघाभर पाण्यात होते. मी स्टिअरिंगवर बसले आणि पहिल्या गिअरवर त्यांच्या पाठीमागे निघाले, तोंडाने शिव्या चालूच. ते काठी टेकत, पाय चाचपत चालले होते. मधेच हात वर करून त्यांनी मला डावीकडे वळवलं. बरोबर तिथेच उथळ होतं. एकदाही चुकले नाहीत.

पलीकडे पोचल्यावर ओल्या विजारीनिशी ते सवयीने माझ्या दाराशी आले, दाराला हात लावला, क्षणभर थांबले आणि वळसा घालून पलीकडून आईच्या जागेवर येऊन बसले. बसले आणि सीटचा पट्टा शोधायला लागले. इतकी वर्षं गाडी चालवली, पण त्या बाजूचा पट्टा कुठून ओढायचा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी वाकून तो ओढला आणि त्यांना लावून दिला.