चूक आमचीच, काका

गल्लीत तिला सगळे पार्सलकाकू म्हणत. नवरा कातारी, पुढच्या खोलीत लेथवर हाताच्या काठ्या घडवायचा, आणि मागच्या खोलीत ही त्या पुठ्ठ्यात गुंडाळून ऑनलाइन गिऱ्हाइकांना पाठवायची. केसांत लाकडाचा भुसा, मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे आणि कानाला फोन. "जेवलात का काकू?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "बघते, कुरिअरवाला जेवू देतो का!"

धंदा नवा होता तेव्हा लोक खुशाल काठ्या परत पाठवायचे आणि परतीच्या भाड्याचा भुर्दंड यांच्या माथी यायचा. काठी तशी हलकी, पण कुरिअरवाले वजनाचं नाही, लांबीचं भाडं लावतात. शेवटी पार्सलकाकूने वेबसाइटवर नियमच टाकला: चूक आमची असेल तर परतीचं भाडं आम्ही भरू; माप तुमचं चुकलं असेल तर तुम्ही भरायचं. त्यानंतर कितीजण गोड बोलले, कितीजण चिडले, ती तसूभर हलली नाही. कातारी कौतुकाने सांगायचा, "आमच्या घरात वकील आहे, फक्त काळा कोट नाही."

एक दिवस एका बाईंचा फोन आला. त्यांनी वडलांसाठी काठी मागवली होती. वडील ऐंशीच्या घरातले, सगळी हयात मास्तरकीत गेलेली. काठी लांब झाली होती. टेकली की त्यांचा खांदा वर उचलला जायचा.

"माप तुम्हीच कळवलेलं ना ताई?"

"मीच. मनगटापासून जमिनीपर्यंत, तुम्ही सांगितलंत तसंच." बाई जरा घुटमळल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू का? एरवी बाबा वाकून चालतात. पण मी टेप हातात घेतली आणि ते एकदम ताठ उभे राहिले. इतके ताठ, की मला त्या आनंदात काही सुचलंच नाही. भाडं मीच भरते हो. फक्त त्यांना काही बोलू नका. ते म्हणतात, काठीवाल्यांनाच मोजता येत नाही."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "दे इकडे तो फोन!"

"बाई, नियम तुमचाच ना? मी नीट वाचलाय. चूक तुमची असेल तर भाडं तुमचं. मग काठी लांब कुणी केली?"

उत्तर पार्सलकाकूच्या जिभेवर तयार होतं. आजवर कितीतरी जणांना दिलेलं. पण डोळ्यांपुढे ते मास्तर उभे राहिले: लेक मोजतेय म्हणून श्वास रोखून, गुडघे आवळून ताठ झालेले.

"आम्हीच केली, काका. चूक आमचीच. भाडंही आमच्याकडे."

"मग आधी तसं म्हणायचं! कामात लक्ष हवं माणसाचं."

"हो काका."

"नुसतं हो काका नको."

"नाही काका."

नंतर तिने त्यांच्या लेकीला गुपचूप विचारलं, बाबा घरात कशाचा आधार घेतात? छत्रीचा, कळलं, आभाळ कोरडं असलं तरी. "मग ते झोपले की छत्री मोजा," काकू म्हणाली. "माणसाला मोजू नका."

फोन ठेवून वळते तो दारात कातारी. त्याने हिच्या बाजूचं बोलणं तेवढं ऐकलं होतं.

"चूक आमची? माझी काठी केसभरही इकडची तिकडे होत नाही! आणि वर भाडं आपण भरायचं?"

जेवतानाही तो फुगलेलाच. भाजी हवी का विचारलं तर ताटाकडे बघून मान हलवायचा. मग पार्सलकाकूने त्याला सगळी हकिगत सांगितली. "लेकीपुढे वाकलेलं दिसायचं नव्हतं हो त्यांना."

कातारीने घास तसाच खाली ठेवला. अलीकडे तो स्वतः स्टुलावरून उठताना कमरेवर हात ठेवायचा, आणि बायकोने पाहिलं की हात झटकन खाली घ्यायचा. तिने ते केव्हाच हेरलं होतं. बोलली मात्र कधी नव्हती.

"किती लांब झाली म्हणालीस?"

"चांगली तीन बोटं."

"तीन बोटं!" त्याच्या आवाजातला राग कुठच्या कुठे गेला. "या वयात तीन बोटं ताठ व्हायचं म्हणजे चेष्टा नाही."

काठी परत आली. कातारीने ती छत्रीच्या मापाला कापली, बुडाला नवं रबर बसवलं, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी मुठीला पुन्हा एकदा पॉलिश केलं. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडी पार्सलकाकूने भरली आणि कुरकुर म्हणून केली नाही.

काही दिवसांनी मास्तरांचाच फोन. "बाई, आता बरोबर झालीय. बघा, लक्ष दिलं की जमतं!"

"हो काका. पाय काय म्हणतायत?"

"बागेपर्यंत निघालोय. बोलायला वेळ नाही." फोन बंद.

"काय म्हणाले गं?" पुढच्या खोलीतून कातारीने ओरडून विचारलं.

"म्हणाले, कारागीर सुधारतोय."

कातारी इतका हसला, इतका हसला, की त्याला लेथ बंद करावा लागला.