सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या वहिनी

वहिनींची पाठ आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. डोंगरात त्या नेहमी सगळ्यांच्या मागून चालायच्या. पुढे भाऊ, मध्ये आम्ही हौशी मंडळी आणि शेवटी वहिनी. मागे वळलं की दिसायचा तो त्यांचा चेहराच. उन्हानं रापलेला, टोपीखालून घामाचे ओघळ आलेला, तोंडात बडीशेप. एकदा एका नवख्यानं विचारलं, "वहिनी, दमलात की काय? मागे राहताय." तर म्हणाल्या, "माझ्या मागे कुणी दिसलं, तर तो बिबट्या समजायचा. बाकी सगळे मला पुढे पाहिजेत."

भाऊ म्हणजे त्यांचे पती, प्रकाश. मूळचे देवळ्याचे, घरी कांद्याची शेती. वहिनी नाशिकच्याच. कॉलेजात डोंगर चढता चढता दोघांचं जमलं आणि पुढे तोच त्यांचा संसार झाला. चार-सहा माणसांचा गट घ्यायचा, दुर्गम डोंगरात न्यायचा, काही दिवस पायी चालवायचं आणि काही दिवस रबरी होडीतून वल्हवत आणायचं, असा त्यांचा उद्योग होता. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर साड्या नसायच्या, लाइफ जॅकेटं वाळत असायची. साठी ओलांडलेले कुलकर्णीसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचे. माझा घटस्फोट झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मी त्यांच्याकडे जायला लागले, आणि मग जातच राहिले.

चालून चालून जीव मेटाकुटीला आला, की माणूस विचारतो, "अजून किती?" कुठलाही वाटाड्या अशा वेळी "हे काय, आलंच" म्हणतो. वहिनी कधी म्हणायच्या नाहीत. "लांब आहे. अजून एक मोठा चढ आहे आणि तो वाईट आहे," असं स्पष्ट सांगायच्या. कुलकर्णी एकदा चिडले. "अहो वहिनी, खोटं तरी बोला!" त्यावर वहिनी म्हणाल्या, "खोटं सांगितलं तर तुम्ही असलेली ताकद आत्ताच संपवून टाकाल. मग तुम्हाला उचलणार कोण?" आणि त्यांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

पाण्याच्या बाबतीत तर त्या फारच कडक होत्या. सहलीला निघण्याआधी प्रत्येकाला गंगापूर धरणाच्या पाण्यात अंगावरच्या कपड्यांसकट, बुटांसकट उडी मारावी लागायची. मी काठावर बूट काढायला बसले, तर वरून आवाज आला, "मॅडम, नदी तुम्ही बूट काढेपर्यंत थांबणार आहे का?" त्यांनी मला तसंच ढकललं. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले, तेव्हा त्या दोरीची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. दोरी फेकली, मी धरली. "छान. आता परत," म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांचा असा राग आला होता, की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोललेही नाही.

त्या वर्षी आम्ही अरुणाचलात गेलो. आम्ही म्हणजे मी, कुलकर्णी आणि नितीन-मेघा हे नुकतंच लग्न झालेलं जोडपं. खिंड ओलांडून एका खोऱ्यात उतरायचं, तिथून नदीतून होड्यांनी खाली यायचं, आणि नदी अरुंद घळीत शिरते त्याच्या आधी एका वाळूच्या काठावर उतरून डोंगरावरून गावाकडे चालत जायचं, असा बेत होता. हमालांनी होड्या नदीपर्यंत पोहोचवल्या आणि ते परत फिरले. सुरुवातीला नदी इतकी शांत होती, की कुलकर्णी वल्हं मांडीवर ठेवून जुनी गाणी म्हणत होते. पुढच्या होडीत भाऊ, कुलकर्णी आणि मी. मागच्या होडीत वहिनी आणि ते जोडपं.

वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. आमच्या डोक्यावर तर ऊनच होतं. पाणी आधी गढूळ झालं, मग त्यात फांद्या दिसायला लागल्या. भाऊंनी मागे वळून वहिनींना हातानं काठाकडे वळण्याची खूण केली. उतरायची वाळू जिथे असायला हवी होती, तिथे नुसतं पाणी वाहत होतं. वहिनींची होडी कशीबशी काठाच्या झुडपांना लागली. आमची लागली नाही. पाण्याखालच्या एका झाडावर ती आदळली आणि उलटली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. बर्फासारखं पाणी. कुलकर्णींच्या जॅकेटचा पट्टा माझ्या मुठीत. पलीकडच्या बाजूला उलट्या होडीला धरून असलेले भाऊ. काठावर पाण्यात कमरेइतक्या उतरलेल्या वहिनी, हातात दोरीची पिशवी. ती एकदाच फेकता येणार होती. पुन्हा गुंडाळून फेकेपर्यंत नदी थांबणार नव्हती. त्यांनी एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. दोरी माझ्या खांद्यावर पडली.

आम्हाला ओढताना माझ्या दंडाचं हाड मोडलं, पण आम्ही काठाला लागलो. तोवर होडी वळणावर पोहोचली होती. भाऊंनी एक हात वर केला. मग वळण आलं आणि नुसती नदी उरली.

वहिनी काठानं धावत सुटल्या. पुढे खडकाची सरळ भिंत होती, तिच्यापाशी वाट संपत होती. तिथे त्या किती वेळ उभ्या होत्या मला ठाऊक नाही. परत आल्या तेव्हा नितीन म्हणाला, "वहिनी, आपली होडी आहे ना! चला, मी येतो तुमच्याबरोबर." वहिनींनी होडीकडे पाहिलं. मग कुलकर्णींकडे पाहिलं. ते थरथरत होते, ओठ निळे पडले होते, त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. सॅटेलाइट फोन आणि बहुतेक सगळं खाणं भाऊंच्या होडीत होतं. गावाची वाट वहिनींशिवाय आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हती.

मी रडत म्हटलं, "वहिनी, तुम्ही जा. भाऊंना शोधा. आम्ही इथे थांबतो."

त्या माझा हात ओढणीनं गळ्यात बांधत होत्या. बांधता बांधता म्हणाल्या, "इथे थांबलात तर मराल. त्याला पोहता येतं. तुम्हाला येत नाही." मग कुलकर्णींचे ओले कपडे काढून त्यांना स्वतःचं सॅकमधलं कोरडं, गरम जॅकेट घातलं आणि म्हणाल्या, "चला."

तेव्हा मी पहिल्यांदा वहिनींची पाठ पाहिली. वाट त्यांनाच ठाऊक होती, म्हणून त्या पुढे झाल्या. नितीन आणि मेघा कुलकर्णींना दोन्ही बाजूंनी धरून चालत होते, आणि सगळ्यांच्या मागे मी. दोन दिवस आम्ही तो डोंगर चढलो-उतरलो. आणि आयुष्यभर जे त्या बोलल्या नव्हत्या ते तेव्हा बोलत होत्या. "आलंच हं कुलकर्णी. हे काय, त्या झाडापाशी गाव दिसेल." झाड यायचं, गाव यायचं नाही. "आता नक्की. एवढा चढ." कुलकर्णी बिचारे मान डोलवायचे आणि पाऊल टाकायचे. त्यांना शुद्ध असती, तर वहिनी खोटं बोलताहेत एवढ्यावरूनच त्यांनी ओळखलं असतं, की आपलं काही खरं नाही.

डोंगराच्या कडेला जिथे जिथे खाली नदी दिसायची, तिथे वहिनी थांबायच्या. आमच्यासमोर त्या भाऊंना नेहमी थट्टेनं 'अहो' म्हणायच्या. तिथे त्या तोंडाला हात लावून हाक मारायच्या, "पक्याऽऽ!" कॉलेजातलं नाव असणार ते. हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत यायची. त्या ऐकत उभ्या राहायच्या. मग पुढे चालायला लागायच्या. प्रत्येक वेळी आवाज थोडा बसत गेला. शेवटच्या कड्यावर नुसते ओठ हलले.

गाव लागलं. आम्ही सगळे वाचलो. शोध घेणारे लोक नदीत उतरले, वहिनीही त्यांच्याबरोबर गेल्या. फाटलेली होडी मिळाली. भाऊ मिळाले नाहीत.

माझा हात प्लास्टरमध्ये असतानाच मी आणि कुलकर्णी देवळ्याला गेलो. भाऊंच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. वहिनी आत स्वयंपाकघरात. दोघींमध्ये बोलणं नव्हतं. आईंनी दिवसकार्य करू दिलं नव्हतं. "सापडना नही म्हंजे गया नही," एवढंच त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या अहिराणीत सांगत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मना पोरले तठेच सोडी उनी ना ती?"

माझ्या पोराला तिथेच सोडून आली ना ती, असं त्या मला विचारत होत्या. कुलकर्णी बोलायला लागले, तर त्यांना हातानं गप्प केलं. "हिले सांगू द्या."

मी सगळं सांगितलं. दोरी एकच होती, ती माझ्या खांद्यावर पडली, हेही सांगितलं. आईंनी माझ्या प्लास्टरकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या उठल्या, आतून भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "जेवी ल्या." मी भाकरीचा घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. दारातून वहिनी माझ्याकडे पाहत होत्या.

त्या हिवाळ्यात आईंनी एकच धोशा लावला, मला ती नदी दाखव. नातेवाइकांनी समजावलं, एवढ्या वयात, एवढ्या लांब कशाला? वहिनींनी कुणाचं ऐकलं नाही. सासूला घेऊन निघाल्या. आगगाडी, मग जीप, मग जिथे रस्ता संपतो तिथून थोडी पायवाट. परत आल्यावर वहिनींनी मला घरी बोलावलं. गॅलरी रिकामी होती. चहाचा कप हातातच धरून त्यांनी सांगितलं.

"अख्ख्या प्रवासात माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी पाणी दिलं की प्यायच्या, एवढंच. कड्यावर पोहोचलो. खाली नदी दिसली. खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'इतली मोठी शे?' मी म्हटलं, हो आई, इतकी मोठी आहे. मग विचारलं, त्यानं हात वर केला तो कशाला? मी म्हटलं, मी ठीक आहे, तू त्यांना बघ, असं सांगायला. मला खरं काय ते माहीत नाही हो. पण मी तसं म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, 'चाल माय, घर चाल.'"

मी म्हटलं, "बरं झालं ना वहिनी. त्यांच्या मनातला राग गेला."

वहिनींनी कप खाली ठेवला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. "काय बरं झालं? त्या माझ्यावर रागावल्या होत्या ना, तोवर तो कुठेतरी होता. रोज मला वाटायचं, एक दिवस तो दारात येईल आणि आईंना म्हणेल, कशाला हिला बोलतेस? आता त्या म्हणतात, दिवस करून टाकू. मी काय म्हणू? आता वाट बघणारं कुणीच उरलं नाही."

दर्भाचा पुतळा करून गोदावरीवर सगळे विधी झाले. कावळा पिंडाला लवकर शिवला. जमलेल्या लोकांना हायसं वाटलं. वहिनींनी मात्र त्या कावळ्याकडे असं पाहिलं, की मी मान फिरवली.

नंतर त्यांनी नाशिकचा फ्लॅट सोडला. आईंचे गुडघे गेले होते, शेताकडे बघायला कुणी नव्हतं. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. त्यांना देवळ्याच्या गाडीत बसवायला मी नाशिकच्या द्वारका चौकात गेले. चारी बाजूंनी हॉर्न, रिक्षावाले आमच्या अंगावर येत होते, गाडीचा पत्ता नव्हता. इतके दिवस जे मनात होतं ते मी तिथे, त्या गोंगाटात बोलून टाकलं. "वहिनी, मला झोप लागत नाही. जेवण जात नाही. सारखं वाटतं, ती दोरी माझ्यावर पडायला नको होती. मी काय करू तुमच्यासाठी? काहीतरी सांगा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. धरणावर बुटांसकट ढकलताना पाहिलं होतं तसं नाही. थकलेल्या माणसानं दुसऱ्या थकलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"मी तुम्हाला ओढून काढलं," त्या म्हणाल्या, "ते काय अशा झुरण्यासाठी? तुम्ही अशाच राहिलात ना, तर मी त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही तिथेच सोडून आले असं होईल. एवढं ओझं टाकू नका हो माझ्यावर."

गाडी आली. गर्दी होती, त्या रेटारेटीत चढल्या, खिडकीत दिसल्या नाहीत. उड्डाणपुलाखालून वळून गाडी आग्रा रोडला लागेपर्यंत मी उभी होते. मग घरी आले, कुकर लावला, आणि वरण-भात कालवून, रडत का होईना, ताटातलं सगळं संपवलं.