दोन टेकड्यांचा तक्ता

आमच्या मालकांचं सरासरीवर फार प्रेम. कुपवाडच्या त्या छोट्या वर्कशॉपात मी माल तपासायच्या कामाला लागले, तेव्हापासून रोज एकच प्रश्न : "मॅडम, सरासरी बरोबर येतीय न्हवं? मग झालं की." झालं कसलं डोंबल! सरासरीच्या पोटात काय काय दडलेलं असतं, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते मान हलवायचे आणि वाजणारा फोन उचलायचे.

मग पुण्याच्या गिऱ्हाइकानेच फर्मान काढलं. नुसती सरासरी चालणार नाही, कोणत्या मापाच्या किती पिना निघाल्या त्याचा वारंवारता तक्ता पाठवा. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साताऱ्यात राहून बी.एस्सी.ला घेतलेलं संख्याशास्त्र शेवटी कुणाला तरी हवं होतं. पन्नास मिलिमीटर जाडीची पोलादी पिन. मायक्रोमीटर लावायचा, माप ज्या गटात बसेल त्याच्यापुढे एक उभी रेघ, पाचवी रेघ आधीच्या चारींवरून तिरकी. पंधरा दिवस मी रेघा ओढत होते.

मधल्या गटांत गर्दी आणि दोन्ही कडांना तुरळक रेघा, अशी एक टेकडी दिसायला हवी होती. दिसल्या दोन. मालकांची लाडकी सरासरी नेमकी दोन्हींच्या मधल्या खोलगटात पडत होती, जिथे पिना जवळजवळ नव्हत्याच. मी शिफ्टप्रमाणे रेघा वेगळ्या केल्या. पहिल्या शिफ्टची टेकडी जाड मापाकडे, दुसऱ्या शिफ्टची बारीक मापाकडे. फरक केसाच्या जाडीच्या पाव हिश्श्याएवढा, आणि सगळा माल मर्यादेतच. पण दोन टेकड्या म्हणजे दोन वेगळी कारणं, असं मी मोठ्या ऐटीत मालकांना सांगून आले.

पिना कातायची लेथ एकच होती. पहिल्या शिफ्टला तिच्यावर एक तरुण कामगार असे, दुसऱ्या शिफ्टला चाचा. चाचा मिरजेचे, साठीला टेकलेले, या लेथवरच केस पांढरे झालेले. मालकांनी तक्ता पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांना माझं शास्त्र पटलं. "चाचांचं वय झालं. हात हलतोय त्यांचा." मी म्हणाले, हात हलत असता तर टेकडी पसरली असती, अशी अख्खी सरकली नसती. "आवं मॅडम, कागद तुमीच आणला न्हवं?" त्याच आठवड्यात चाचांना लेथवरून उठवून पहिल्या शिफ्टला कानशीने पिनांच्या कडा घासायला बसवलं. हे काम नवशिक्यांचं. चाचा मला एवढंच म्हणाले, "मशीन तीच हाय, हात बी त्योच हाय. काय बदाललं, मला तर कळंना."

त्यांच्या जागी नवा माणूस आला. पंधरा दिवसांनी मी पुन्हा तक्ता केला. पुन्हा दोन टेकड्या, आणि त्याच जागी.

तेव्हा कुठे माझं डोकं मशीनवरून माझ्याकडे वळलं. मी फक्त पहिल्या शिफ्टला असते. त्या शिफ्टच्या पिना लेथवरून उतरल्या की लगेच मोजायची, हाताला चटका बसेल अशा. दुसऱ्या शिफ्टच्या पिना ट्रेमध्ये पडून असायच्या, त्या सकाळी आल्यावर मोजायची, गार झालेल्या. धातू तापला की फुगतो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. चाचांच्या वेळचा बराच माल अजून गोदामातच होता. दोन्ही शिफ्टच्या त्या पिना मी गारच पुन्हा मोजल्या. एकच टेकडी आली. माणसांत फरक नव्हताच. गरम माप आणि गार माप एका कागदावर मी कालवलं होतं. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

मालकांना सगळं सांगितलं. "एकच टेकडी झाली न्हवं? मग द्या पाठवून."

"आणि चाचा?"

"आता नवा माणूस बसलाय की वो लेथवर. त्याला कुठं हलवू?"

मी आवाज चढवला. या कागदावर मी सही करणार नाही म्हणाले. "मग मी करतो की," म्हणत त्यांनी पेन मागितलं. इतका शांत माणूस मला कधी इतका असह्य झाला नव्हता.

सही झालेला कागद घेऊन मी चाचांच्या टेबलापाशी गेले. चूक माझी होती, तुमची नव्हती, असं सांगितलं. त्यांनी फडक्याला हात पुसले, कागद धरला आणि रेघांवरून बोट फिरवत राहिले.

"यातल्या माझ्या कंच्या?"

"ते आता ओळखता येत नाही, चाचा. तुमच्या आणि पहिल्या शिफ्टच्या त्या पोराच्या अगदी सारख्या आहेत."

"मंजे बराबरच हुत्या."

"हो."

त्यांनी कागद परत दिला आणि कानस उचलली. पुढ्यात नव्या माणसाने काढलेल्या पिनांचा ढीग होता.