बाजारातला पेनड्राइव्ह

दिवाळीच्या आसपास पाटोद्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा माझ्या फोटोच्या दुकानात वेगळीच गर्दी होते. कुणाला मागे राहणाऱ्या पोराचा फोटो हवा असतो, कुणाला आईचा.

मागच्या वर्षी एका बाईने लेकीचा फोटो काढून घेतला. पोरगी शाळेसाठी नेकनूरला मावशीकडे राहणार होती. फोटो झाला आणि तिथूनच तिला एसटीत बसवलं. "उद्या सांच्याला ट्रक हाय, दादा. तवर द्या," बाई म्हणाली. मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सवयीने कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं.

सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. फोटो आत असणार, पण विंडोज नव्याने टाकल्याशिवाय माझ्या हाती लागणार नव्हता. गाणी भरून ट्रॅक्टरवाल्यांना विकायला आठवडी बाजारातून आणलेल्या पेनड्राइव्हपैकी एक घेतला, त्यातली गाणी पुसली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या लॅपटॉपवरून त्यात विंडोज भरलं. माझ्या कॉम्प्युटरला लावलं, तर अर्ध्यावर गाडी अडली; पडद्यावर 'फाइल सापडत नाही'. पुन्हा भरलं, पुन्हा तिथंच. केबल बदलली, रॅम काढून पुसली, हार्डडिस्कला शिव्या घातल्या. मधूनच बाई येऊन दारातून डोकावून जायची.

"डिस्कच गेली बे. सगळी फॉरमॅट मार," झेरॉक्सवाला म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलो. सगळी फॉरमॅट म्हणजे फोटोही गेला.

शेवटी चिडून त्याच्याच लॅपटॉपवरून त्या पेनड्राइव्हवर एका लग्नाची मोठी फिल्म भरून पाहिली. हळदीपर्यंत चालली, पुढं नवरदेव दिसेचना. वर बत्तीस जीबी छापलेलं, पोटात चारसुद्धा नव्हते! विंडोजही तिथंच तुटत होतं. ट्रॅक्टरवर ही लबाडी कुणाला कळणार? ड्रायव्हर पहिली पाच-पंचवीस गाणीच वर्षभर ऐकतो.

झेरॉक्सवाल्याचा स्वतःचा पेनड्राइव्ह घेतला, तेव्हा कुठं विंडोज चढलं. फोटो निघेपर्यंत ट्रक सुटला होता.

लॅमिनेशन गरम असतानाच मी मोटारसायकल काढली. आष्टीच्या रस्त्यावर डिझेलसाठी थांबलेला ट्रक सापडला. बाई वर भांड्याकुंड्यांत बसली होती. मी हात उंच करून फोटो दिला. तिने तो पाहिलाच नाही. पालथा धरून पदराखाली घेतला.

मला रागच आला. "अवो ताई, बघा तरी! सकाळपासून जीव काढलाय माझा."

"आता नगं, दादा," ती म्हणाली. "बघितला तर उतरावं वाटंल."