तांबडी शाई न वापरणारे सर

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली, कारण तिच्यात मी चांगला दिसत नाही.

पन्नासच्या दशकात बोरीवलीच्या शाळेत मी गणित शिकवायचो. शेजारच्या वर्गात एक सर विज्ञान शिकवत. चुकलेल्या उत्तरावर ते तांबडी शाई लावत नसत. बाजूला पेन्सिलीने बारीक 'का?' लिहीत. मला म्हणायचे, "अहो, आपण चूक खोडली की पोरगं विचार लपवायला शिकतं." मग मुलांना गच्चीवर नेऊन लहानमोठे दगड एकदम खाली टाकायला लावत. वर्गात परतल्यावर मुलं आपल्याच हाताने आपलं वाक्य खोडत. माझ्या दारातून मला सगळं दिसायचं.

तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांच्या वर्गातल्या एका वहीत न खोडलेलं वाक्य सापडलं, 'जड दगड आधी पडतो.' दगडांचा तास दुसऱ्या दिवशी होता. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि मला विचारलं, "हे वर्गात काही शिकवतात तरी का हो?"

त्या वर्षी दोघांपैकी एकालाच कायम करणार होते.

"मी कधी पाहिलं नाही," मी म्हणालो.

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ते नव्हते.

बऱ्याच वर्षांनी दहिसरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. "कायम झालात ना? बरं झालं," म्हणाले. मी प्रकृतीची चौकशी करून उठलो. पुन्हा गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. ते वारल्याचं शेजारणीने सांगितलं.

"सर, मी रोज पाहत होतो. मला माफ करा," एवढंच बोलायचं होतं.